वर गेला ते कळलं, खाली कसा येणार?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



एप्रिल १९८४ मधली गोष्ट आहे. मी चौदा वर्षांचा होतो. आमचं घर दिघ्याला, ठाणे-बेलापूर रस्त्याच्या वरच्या अंगाला, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी. १९७२ च्या दुष्काळात अब्बा आणि त्यांचा धाकटा भाऊ सोलापूर जिल्ह्यातलं गाव सोडून इथे आले आणि डोंगरातल्या दगडखाणीत लागले. आम्ही तिला 'क्वारी' म्हणायचो. शेजारी वडार होते, बंजारे होते, मराठवाड्यातले होते. सगळ्यांना दुष्काळानेच पाठवलेलं.

वस्तीच्या तोंडाशी चहाची टपरी होती. टपरीवर रेडिओ होता. त्या रेडिओवर आम्हाला कळलं की राकेश शर्मा नावाचा आपला एक वैमानिक सोव्हिएत यानातून आकाशात गेला आहे. इंदिराजींनी त्यांना विचारलं, वरून भारत कसा दिसतो? त्यांनी इक्बालांच्या तराण्यातली ओळ म्हणून दाखवली. १९०४ साली एका शायराने लिहिलेली ओळ ऐंशी वर्षांनी आकाशातून ऐकू आली. टपरीवरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मी धावत घरी गेलो आणि अम्माला सगळं सांगितलं.

अम्मा भाकरी थापत होती. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "वर गेला ते कळलं. खाली कसा येणार?"

मला राग आला. एवढी मोठी गोष्ट आणि हिचा प्रश्न काय! पण तो प्रश्न तिने का विचारला, ते मला ठाऊक होतं. त्याच्या आदल्या वर्षी माझा चाचा क्वारीतून परत आला नव्हता.

क्वारीत सुरुंग उडवायचे असले की दगडात भोकं पाडून दारू ठासत. वाती लावत. मुकादम शिट्टी वाजवी, लाल फडकं हलवी, माणसं आडोशाला पळत. मग सगळे कान देऊन बार मोजत. आठ सुरुंग लावले असतील तर आठ बार ऐकू आले पाहिजेत. त्या दुपारी सातच ऐकू आले. कुणी म्हणालं, दोन एकदम उडाले असतील. डंपर येऊन उभा होता, खेप भरायची होती. चाचा बघायला पुढे गेला. आठवा बार तेव्हा झाला.

आज मला ज्या विषयावर बोलायला सांगितलं आहे, तो असा : माणसाला अंतराळात पाठवण्यावर होणारा खर्च योग्य आहे का? मी बी. ए. झालेला माणूस, तेही मराठी घेऊन. कविता लिहितो. रॉकेटशास्त्रातला माझा अधिकार शून्य. पण कर मीही भरतो आणि अम्माचा प्रश्न गेली चाळीस वर्षं माझ्याजवळ आहे. तेवढ्या भांडवलावर बोलतो.

आधी आकडे पाहू. आपल्याच रॉकेटमधून आपली माणसं अंतराळात पाठवण्याच्या मोहिमेचं नाव 'गगनयान'. १५ ऑगस्ट २०१८ ला लाल किल्ल्यावरून तिची घोषणा झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात ९,०२३ कोटी रुपये मंजूर झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये मोहिमेची व्याप्ती वाढली. भारताच्या स्वतःच्या अंतराळ स्थानकाचा पहिला भाग तिच्यात आला आणि एकूण तरतूद २०,१९३ कोटींवर गेली.

ही रक्कम ऐकली की दोन प्रकारची माणसं बोलायला उठतात. पहिला म्हणतो, एकशे चाळीस कोटींनी भागा. माणशी एकशे चव्वेचाळीस रुपये, तेही दहा वर्षांत मिळून. वर्षाला एक वडापावसुद्धा येत नाही! हिशेब बरोबर आहे, पण माझा त्यावर विश्वास नाही. एकशे चाळीस कोटींनी भागलं तर या देशातला कुठलाही खर्च चिल्लर दिसतो, आणि कुठलाही घोटाळाही.

दुसरा म्हणतो, लोकांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही आकाशात कसले जाता? हा माणूस मला जवळचा वाटतो, कारण मी त्याच्याच रांगेत हंडा घेऊन उभा राहिलेलो आहे. पण त्याचाही हिशेब तपासू. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या जलजीवन मिशनची तरतूद होती ३ लाख ६० हजार कोटींची, म्हणजे गगनयानच्या सुमारे अठरापट. गगनयान उद्या बंद केलं, तर ते पैसे माझ्या वस्तीच्या नळापर्यंत येतील असं मला कुणी पटवू शकणार नाही. आमच्याकडे पाणी आलं नाही, ते आकाशात सांडलं म्हणून नव्हे. आमची पाळी लागत नव्हती म्हणून. हे दुखणं वेगळं आहे, आणि त्याचं खापर रॉकेटवर फोडलं की खरा जबाबदार माणूस सुटतो.

म्हणजे गगनयान सुटलं का? नाही. त्याने आपला जबाब स्वतंत्रपणे द्यायला हवा.

इथे एक गफलत नेहमी होते. 'अंतराळावरचा खर्च' म्हणताना आपण दोन गोष्टी एकाच पोत्यात भरतो. उपग्रह वेगळे, माणूस वेगळा. उपग्रहांचं काम कोकणातल्या कुठल्याही कोळ्याला विचारा. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा आधी सूचना मिळाली होती, होड्या किनाऱ्याला लागल्या होत्या. १९९९ मध्ये ओडिशातल्या महावादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ च्या फायलिन वादळात तिथेच लाखो लोकांना आधी हलवता आलं आणि मृतांचा आकडा काही डझनांवर राहिला. त्यात वेधशाळेचा वाटा, प्रशासनाचा वाटा, आणि वरून बघणाऱ्या डोळ्याचाही. तो खर्च वसूल झाला आहे. पण त्या डोळ्यामागे माणूस बसलेला नव्हता.

आपल्या अवकाश कार्यक्रमाचे जनक विक्रम साराभाई यांना हा भेद पक्का ठाऊक होता. थुंबा इथून १९६३ साली पहिलं रॉकेट उडालं, तेव्हा त्यांनाही हाच प्रश्न विचारला जाई की गरीब देशाला हे कशाला? त्यांचं उत्तर प्रसिद्ध आहे. चंद्राच्या, ग्रहांच्या किंवा मानवी उड्डाणाच्या बाबतीत श्रीमंत देशांशी स्पर्धा करण्याचं स्वप्न आम्ही बघत नाही. पण माणसाच्या आणि समाजाच्या खऱ्या अडचणी सोडवायला प्रगत तंत्रज्ञान वापरण्यात आम्ही कुणाच्या मागे राहता कामा नये, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. म्हणजे ज्याने पाया घातला त्यानेच मानवी उड्डाण आपल्या यादीतून बाहेर ठेवलं होतं. आज आपण ते यादीत घेतलं आहे, तर का घेतलं हे सांगायला हवं.

विज्ञानासाठी, असं म्हणावं तर तुलना करून पाहू. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या परिसरात उतरलं. खर्च सुमारे ६१५ कोटी. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला 'अ‍ॅक्सियम-४' मोहिमेतून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जाऊन आले. भारताने त्यासाठी मोजले सुमारे साडेपाचशे कोटी. एका माणसाचे वीस दिवस आणि चंद्रावरचं एक यान, किंमत जवळजवळ सारखीच. शुक्लांनी तिथे मूग-मेथीला कोंब आणले, स्नायूंच्या पेशींवर प्रयोग केले. ते मोलाचंच आहे. पण नुसतं ज्ञान रुपयात मोजायचं झालं, तर चंद्रयानाचं पारडं जड आहे हे कबूल केलं पाहिजे.

दुसरी बाजूही सांगतो. अपोलोतून गेलेल्या माणसांनी सहा वेळा चंद्रावर उतरून ३८२ किलो दगडमाती आणली. सोव्हिएत यंत्रांनी तीन खेपांत आणली ती जेमतेम सव्वातीनशे ग्रॅम. क्वारीत वाढलेल्या माणसाला हे लगेच पटतं. कुठला दगड उचलायचा हे हातातली पहार सांगत नाही, ती धरणारा सांगतो. पण यंत्रंही आता तेव्हाची राहिलेली नाहीत. तेव्हा विज्ञानाचं उत्तर अर्धंच पडतं.

मग अभिमानासाठी? अभिमान खोटा नसतो. १९८४ साली टपरीवर मीही टाळ्या वाजवल्या होत्या. आपल्या मातीतल्या शायराची ओळ एवढ्या उंचावरून ऐकून एका मुलाला वाटलं, शब्द इतक्या वर जाऊ शकतात तर आपणही लिहावं. माझ्यापुरता तो खर्च वसूल आहे! पण अभिमानाला एक खोड आहे. त्याला वर जाणारा माणूस दिसतो. खाली येणारा दिसत नाही. आणि अम्माने विचारलं होतं ते खाली येण्याबद्दल.

श्रोतेहो, उपग्रह आणि माणूस यांच्यातला खरा फरक तिने एका वाक्यात सांगितला होता. उपग्रह परत आणायचा नसतो. माणूस आणावाच लागतो. गगनयानचा खर्च नुसता वर नेण्याचा नाही, तो परत आणण्याचाही आहे.

याची खूण मला २१ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी पटली. श्रीहरीकोट्याला त्या दिवशी एक छोटं रॉकेट उडायचं होतं. त्यात माणूस नव्हता. उड्डाण बिघडलं तर माणसांची कुपी रॉकेटपासून तोडून सुखरूप कशी आणायची, एवढंच तपासायचं होतं. म्हणजे अपघात होईल असं धरून, केवळ सुटकेची तालीम करण्यासाठी एक अख्खं उड्डाण. उलटी मोजणी सुरू झाली आणि शेवटचे पाच सेकंद उरले असताना संगणकाने ती थांबवली. इंजिन पेटल्याचा जो संकेत मिळायला हवा, तो मिळाला नव्हता. देशभर लोक टीव्ही लावून बसले होते, पण कुणी म्हटलं नाही, उडालं असेल, बघून या. दोष शोधला, दुरुस्त केला आणि दहा वाजता रॉकेट सोडलं. सुमारे बारा किलोमीटर उंचीवर सुटकेची यंत्रणा पेटली, कुपी वेगळी झाली, छत्र्यांनी बंगालच्या उपसागरात उतरली आणि नौदलाने ती बाहेर काढली.

मी टीव्हीसमोर बसून होतो. पाच सेकंदांवर मोजणी थांबली तेव्हा मला चाचा आठवला. त्याच्या वेळीही मोजणी झाली होती. एक बार कमी भरला होता. ती मोजणी तिथे थांबवणारा कुणी नव्हता, एवढाच फरक. आणि तो थांबवणारा ठेवायलाच पैसे लागतात.

रॉकेटचं हे काम काही फार लांब चाललेलं नाही. आमच्या दिघ्याहून ऐरोलीचा पूल ओलांडला की खाडीपलीकडे विक्रोळी आणि पवई. विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटची विकास इंजिनं तयार होतात. पवईला लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यातून २०२० साली गगनयानच्या बूस्टरच्या कवचाचा एक भाग रवाना झाला. तो बूस्टर वीस मीटर लांबीचा, पोटात दोनशे टनांवर इंधन. मे २०२२ मध्ये जमिनीवर बांधून १३५ सेकंद पेटवून पाहिला. पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरने तर १९७० च्या दशकापासून इस्रोसाठी काम केलं आहे. ही अवजड कामं करणारे आपलेच फिटर, टर्नर, वेल्डर.

अशाच अवजड कामात आयुष्य घालवलेला एक निवृत्त वेल्डर लोकलमध्ये माझ्या ओळखीचा झाला. तो म्हणाला, "शायरसाहेब, आमचा प्रत्येक सांधा एक्स-रेतून जायचा. आणि कुठला सांधा कुणी जोडला, त्याचा नंबर कागदावर असायचा. चूक निघाली तर माणूस शोधायला लागायचा नाही." मी त्याला काही बोललो नाही. पण मनात आलं, आमच्या क्वारीत आठवा सुरुंग कुणी ठासला, वात कुणी लावली, पुढे जा असं कुणी सांगितलं, याचा कागद कधीच नव्हता. चाची कुणाकडे जाणार होती?

मानवी उड्डाणाचा इतिहास निष्कलंक आहे असंही समजू नका. जानेवारी १९८६ मध्ये 'चॅलेंजर' उडालं त्याच्या आदल्या रात्री अभियंते सांगत होते की इतक्या थंडीत रबरी कड्या दगा देतील. तारखा पुढे ढकलून झाल्या होत्या. त्यांचं म्हणणं बाजूला पडलं आणि सात जण गेले. १ फेब्रुवारी २००३ ला 'कोलंबिया' परतताना कल्पना चावलासह सात जण गेले. उड्डाणाच्या वेळी फेसाचा तुकडा पंखावर आदळल्याचं चित्रफितीत दिसलं होतं. नीट फोटो काढून बघू, असं काही अभियंते म्हणत होते. ते झालं नाही. जगातली सर्वांत श्रीमंत अवकाश संस्था, पण आतलं वाक्य तेच, उडालं असेल, चला. डंपर उभा आहे.

म्हणून गगनयान २०२२ मध्ये जायचं होतं आणि आता २०२७ ची भाषा आहे, यावर कुणी हसलं की मला ते आवडत नाही. त्या उशिराचे पैसे मी आनंदाने देईन. तारीख १५ ऑगस्टला जमते की निवडणुकीला, हे बघून उडायचं असेल, तर मात्र माझे एकशे चव्वेचाळीस रुपये परत करा.

आता शेवटची गोष्ट, आणि तिच्यासाठीच मी हे भाषण स्वीकारलं.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जूनमध्ये, शुक्लांचं उड्डाण पुन्हा पुन्हा पुढे गेलं. त्यातला एक दिवस ११ जूनचा. रॉकेटमध्ये द्रवरूप प्राणवायूची गळती सापडली. ती पुरती दुरुस्त झाल्याशिवाय उडायचं नाही असा आग्रह आपल्या चमूने धरला, असं इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी नंतर सांगितलं. उड्डाण थांबलं. अखेर २५ जूनला ते गेले आणि १५ जुलैला सुखरूप परतले. मला त्या आग्रहाचा अभिमान वाटला.

पण त्याच आठवड्यात, ९ जूनला सकाळी, आमच्या डोंगराच्या पलीकडे मुंब्र्याजवळच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेली माणसं एकमेकांना घासून रुळांवर पडली. किमान चार जण गेले. कामावर निघालेली माणसं होती. मुंबईच्या लोकल मार्गांवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसं मरतात. त्यांच्यासाठी पाच सेकंदांवर मोजणी कोण थांबवतं? त्या अपघातानंतर नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं बसवण्याचं जाहीर झालं. चांगलं झालं. पण ती तालीम माणसं पडण्याआधी करायची असते, हे श्रीहरीकोट्याला ठाऊक आहे, मग इथे का नाही?

किंवा मॅनहोल घ्या. २०१३ चा कायदा सांगतो की साधनांवाचून माणसाला गटारात उतरवायचं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये, तेही श्रीहरीकोट्याच्या त्या चाचणीच्या आदल्याच दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्याच्या घरच्यांना तीस लाख रुपये द्या असा आदेश दिला. तरी माणूस अजून कमरेला दोर बांधून उतरतो. आकाशात गेलेल्याला खाली आणायचं असतं, गटारात गेलेल्याला वर. विषारी हवा दोन्हीकडे टिपता येते. आपण एकीकडेच टिपतो.

मग माझं उत्तर काय? माणूस अंतराळात पाठवण्याचा खर्च योग्य आहे का?

आपण तिघांना पाठवू, त्यांना आणू, ओवाळू आणि विसरून जाऊ, एवढंच होणार असेल तर तो योग्य नाही. साराभाई बरोबर होते. तेवढ्या पैशात उपग्रह आणि यानं पाठवा. पण हा खर्च म्हणजे एका सबंध देशाने घेतलेली शिकवणी असेल, माणूस जिथे जिथे जोखमीच्या जागी जातो तिथून त्याला परत आणण्याची तयारी आधी करायची आणि ती तयारी नसेल तर कितीही मोठा डंपर उभा असला तरी मोजणी थांबवायची, तर वीस हजार कोटी ही फी जास्त नाही. फक्त शिकलेलं घरी वापरलं पाहिजे. श्रीहरीकोट्याचा तो पाच सेकंदांचा थांबा मुंब्र्याच्या वळणावर, मॅनहोलच्या तोंडाशी आणि क्वारीच्या आडोशाला पोचला पाहिजे. ज्या दिवशी तो पोचेल, त्या दिवशी मी म्हणेन, खर्च वसूल.

आता आमच्याकडे दिघा गाव नावाचं स्टेशन झालं आहे. जानेवारी २०२४ मध्ये ते सुरू झालं. फलाटावर उभं राहिलं की पारसिकचा डोंगर समोर दिसतो. अम्मा आता नाही. शुक्ला परत आले त्या दुपारी मी फलाटावर होतो, मोबाइलवर बघत होतो. छत्र्या उघडल्या, कुपी समुद्रात पडली, बोटी जवळ गेल्या. दार उघडून त्यांना बाहेर येताना पाहीपर्यंत मी दोन लोकल सोडल्या.

मग मनातल्या मनात तिला सांगितलं, "आला गं खाली."